इथपर्यंत सिद्ध होते

डोंगरवार बाईंना तुम्ही "बाई, आज ऊन फार आहे" असं म्हणालात, तर त्या हो म्हणायच्या. उन्हाबद्दल त्यांची काही तक्रार नसायची. पण "औंदा ऊन जास्तच आहे, सगळेच म्हणून राहिले" असं म्हणालात की झालं कल्याण. सगळे म्हणजे कोण कोण? मागच्या वर्षीचं ऊन तुम्हाला आठवतं का? आठवतं म्हणजे नेमकं काय आठवतं? तुम्ही पिशवी घेऊन बाजाराला निघालेले असायचात, आणि बाजार उठायची वेळ झाली तरी बाईंच्या फाटकाशी, मागच्या वर्षीच्या चैत्रात उभे असायचात.

मी त्यांच्या शेजारी राहिलो आणि त्यांच्याच शाळेत मराठी शिकवलं. म्हणजे शाळेत सुटका नाही आणि घरीही नाही. आमचं गाव अर्जुनी मोरगाव आणि नवेगाव बांध यांच्या मधलं. गावाला एक तलाव, तलावाची पाळ, पाळीखाली बांध घातलेली धानाची शेतं, म्हणजे बांध्या, आणि पाळ संपते तिथे शाळा. तलाव एकच, पण त्याचे धनी दोन. आतले मासे मच्छिमार सोसायटीचे आणि पाणी खालच्या धानाचं. या दोघांची भांडणं वर्षभर चालत, आणि ती आमच्या शाळेच्या खिडकीतून फुकटात ऐकू येत.

बाई ठेंगण्या, सावळ्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, काखेत बारमाही छत्री, आणि पर्समध्ये खडूचा तुकडा. तो खडू कुठेही बाहेर यायचा. किराणा दुकानाच्या फळीवर त्यांनी त्रिकोण काढलेला मी पाहिला आहे. शिकवायच्या भूमिती. आणि भूमिती शिकवताना जे तीन शब्द फळ्यावर लिहायच्या, तेच तीन शब्द घेऊन त्या जगात हिंडायच्या. पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे ते. साध्य म्हणजे जे दाखवायचं आहे ते. आणि मधली चाल म्हणजे सिद्धता. "सगळ्या जगाचं भांडण एकाच चुकीवर चालू आहे सर," त्या मला म्हणायच्या, "माणसं साध्यच पक्षात लिहून टाकतात. तो चोर आहे, कारण तो चोरासारखा वागतो. आणि चोरासारखा वागतो हे कशावरून? तर तो चोर आहे ना!"

पोरगं फळ्यापाशी सिद्धता मांडत असलं की बाई मागच्या बाकावर बसत. पायरी बरोबर आली की तर्जनीने हवेत बरोबरची खूण करत, आधी थोडं खाली आणि मग लांब वर. पायरी चुकली की बोट तिथेच थांबायचं. तोंडाने एक अक्षर नाही. फळ्याशी उभं असलेलं पोरगं मान वळवून त्या बोटाकडे बघायचं आणि थांबलेलं बोट दिसलं की आपणहून पुसायला लागायचं. आमच्या शाळेत छडी नव्हती असं नाही, पण पोट्टे त्या बोटाला जास्त भ्यायचे.

पेपर तपासण्याची त्यांची एक तऱ्हा होती, तिच्यावरून मुख्याध्यापकांशी त्यांचं कायम वाजायचं. एखाद्याने गणित शेवटपर्यंत नेलं, पण मधे कुठेतरी थाप मारून नेलं, तर बाई त्याला भोपळा द्यायच्या. आणि एखाद्याने अर्ध्यात थांबून खाली लिहिलं, "इथपर्यंत सिद्ध होते. पुढचे मला माहीत नाही," तर त्याला पैकीच्या पैकी. मुख्याध्यापक म्हणायचे, अहो बाई, असं कसं, उत्तर कुठे आहे? बाई म्हणायच्या, हेच उत्तर आहे. मग हे वाक्य पाठ करून, पहिल्याच ओळीनंतर लिहिणारेही निघाले. आमच्या भागात पोट्टे काही कमी हुशार नाहीत. बाई अशांना बोलावून विचारायच्या, इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? आणि पोरगं पेपर घेऊन परत जागेवर.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंचा एक वेगळा तास असायचा. शाळेच्या वेळापत्रकात तो नव्हता. आठ-दहा पोरं बसायची आणि वाद घालायची. विषय काहीही. शेळी पाळावी की गाय, मोबाईल शाळेत आणू द्यावा की नाही, नवस फेडावा की नाही. नियम दोनच. पहिला असा, की समोरच्याला खोडायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि तेही इतकं नीट की समोरचा म्हणाला पाहिजे, "व्हय, मी असंच म्हटलं." त्याने व्हय म्हटल्याशिवाय तुमची पाळी सुरू होत नाही. अर्धे वाद तिथेच संपायचे, कारण दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडता मांडता पोट्ट्यालाच ते पटायचं. दुसरा नियम म्हणजे एक प्रश्न. कोणीही काहीही ठणकावून सांगितलं की त्याला विचारायचं, "हे तू पाहिलं, ऐकलं, का मानलं?" तिन्हींना बाईंची ना नव्हती. मानायलाही हरकत नाही, त्या म्हणायच्या, पण मानलेलं पाहिलेलं म्हणून विकू नका.

या तासाला येणाऱ्यांत मासेमारांच्या धीवर मोहल्ल्यातला प्रवीण होता, फार तल्लख. आणि टिकाराम पाटलांची वैशाली होती. हे टिकाराम खरे पाटील नव्हेत, पण पाळीखालची मोक्याची बांधी त्यांची आणि आवाज सगळ्या गावावर, म्हणून पाटील. वैशालीने एक दिवस घरी जेवताना बापाला तो प्रश्न विचारला. बाप म्हणत होता की पोरींना जास्त शिकवलं की त्या हाताबाहेर जातात. पोरगी म्हणाली, बाबा, हे तुम्ही पाहिलं, ऐकलं, का मानलं? दुसऱ्या दिवशी टिकाराम चार माणसं घेऊन शाळेत. लेकरं उलटून बोलून राहिले, बाई शाळेत भांडण शिकवून राहिल्या. बाईंनी त्यांचं सगळं ऐकलं आणि मग, खरं सांगतो, त्यांनी टिकारामचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवलं. घरात बापाचा शब्द राहिला पाहिजे, पोरगी उद्या सासरी जाणार, तिथे असं बोलली तर तिलाच त्रास. टिकाराम म्हणाला, "हो जी, असंच." बाई म्हणाल्या, आता माझी पाळी. पण टिकारामला बाईंच्या पाळीशी काय घेणं? तो उठून गेला, आणि शनिवारचा तास बंद झाला.

वैशाली पुढे गोंदियाला नर्सिंगला गेली. गाव म्हणतं, बाईंमुळे गेली. बाईंना हे बिलकूल मान्य नव्हतं. आधी माझा तास झाला, मग ती गेली, म्हणून माझ्या तासामुळे गेली, हा कुठला हिशेब? तिच्या मामाने हट्ट धरला असेल, तिला मार्क चांगले होते. स्वतःच्या कौतुकातलीही गळती शोधणारी ही बाई. अशा माणसाला आभार मानणंसुद्धा जड जातं.

त्यांच्या सोबतीचा मला झालेला फायदा आणि मनस्ताप सारखाच आहे. मला साखर निघाली तेव्हा कोणीतरी मोबाईलवर पाठवलं की अमुक झाडाचं पान रोज सकाळी चावलं की साखर जाते. मी चावलं. खरंच उतरली. मी कुंपणावरून बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, पान चालू केलं त्याच दिवशी आणखी काय केलं? मी म्हणालो, काही नाही, चहातली साखर सोडली आणि पाळीवर फिरायला जातो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, बरं बरं, कळलं. पान मी तरीही वर्षभर खाल्लं, रागाने.

पण खरा मनस्ताप दंडारीचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आणि मंडईत दुपारी दंडार होते, गाणी, नाच आणि मधे एखादं छोटं नाटक. त्या वर्षी नाटकात मी थोरला भाऊ होतो. गावातला एक कपटी माणूस मला येऊन सांगतो की तुझी भावजय वाईट चालीची आहे, आणि मी त्या बिचारीला घराबाहेर काढतो, असा तो करुण प्रसंग. मी मिशीला पीळ देऊन, हात लांब करून "चालती हो!" म्हणणार, इतक्यात पुढच्या रांगेतून बाईंचा आवाज आला. वर्गातल्यासारखा, शांत.

"पाहिलं का गा?"

आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, निघून गेलं, "नाही जी."

सगळी मंडई हसायला लागली. पडद्यामागून आमचा मास्तर माझं वाक्य ओरडून सांगत होता. भावजय झालेला पोरगा पदर तोंडात धरून हसत होता. नाटक तर पुढे न्यायचं होतं. मी सगळं बळ एकवटून गर्जलो, "नाही पाहिलं, तरी जा!" या वाक्याला जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या मला पुढे कधीही पडल्या नाहीत. गावात ती म्हणच झाली. एखाद्याला उधारी नाकारायची असली, जावयाला उठवायचं असलं, की लोक म्हणत, नाही पाहिलं, तरी जा.

बाई निवृत्त झाल्या. पुढे त्यांचा उजवा हात कापायला लागला. चहाच्या कपाचा बशीवर नाद व्हायचा. वर्तुळ काढायला आता कंपासची गरज नाही, हात आपोआप फिरतो, असं त्या स्वतःच म्हणायच्या. औषधं चालू होती. गोंदियाच्या डॉक्टरलाही त्यांनी विचारलं असणार, पाहिलं, ऐकलं, का मानलं. भाचा नागपूरला चला म्हणून मागे लागला होता आणि या तलाव सोडायला तयार नव्हत्या. मासोळी हा त्यांचा एकच शौक. ताजी, तलावातली, त्याच दिवशीची.

म्हणून त्या अश्विनात मासे मेले तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान सोसायटीचं झालं आणि त्याखालोखाल बाईंचं. पाऊस ओढ देऊन बसला होता. आभाळ दाटलेलं, पण थेंब नाही आणि वाराही नाही. तलावात वेल माजली होती. एका सकाळी तलावाच्या काठाने पांढरी रेघ दिसली. जवळ गेल्यावर कळलं की ते उलटे झालेले मासे आहेत. धीवर मोहल्ल्यातल्या बायका पाळीवर बसून रडत होत्या. वर्षाची मेहनत पाण्यावर तरंगत होती आणि तिला वास यायला लागला होता. पाण्याचा नमुना बाटलीत भरून गेला, पण तपासणीत कशाचाच छडा लागला नाही.

गावाला छडा दुपारपर्यंत लागला होता. टिकाराम. त्याचं सोसायटीशी भांडण होतंच. आदल्या दिवशी त्याने धानावर तुडतुड्यांचं औषध फवारलं होतं, आणि फवारणीचा पंप तलावात धुतला. हे तिघांनी पाहिलं म्हणे. सोसायटीचा नियम असा की विषाचा पंप तलावात धुवायचा नाही. ग्रामसभा बोलावली. सोसायटीचा सचिव आता प्रवीण होता, बाईंचाच विद्यार्थी. तो उभा राहिला आणि त्याने मांडणी केली. इतकी नीट, की मला शनिवारचा तास आठवला. हे दिलेलं आहे, हे दिलेलं आहे, म्हणून हे सिद्ध. ठराव असा, की टिकारामच्या बांधीचं तलावाचं पाणी बंद करावं. धान तेव्हा निसवायला आला होता. त्या आठवड्यात शेवटचं पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं पोल निघतं. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. ज्याचा आवाज सगळ्या गावावर चालायचा, तो टिकाराम सभेत मागे सरकून बसला होता.

बाई छत्री टेकत उठल्या. तिघांनी पाहिलं ना, मग तिघांना उभं करा, म्हणाल्या. तिघे उभे राहिले. पहिल्याने टिकारामला पाठीवर पंप घेऊन पाळीवर पाहिलं होतं. धुताना? नाही, पाळीवर. दुसऱ्याने पहिल्याकडून ऐकलं होतं. तिसऱ्याने दुसऱ्याकडून. बाई म्हणाल्या, म्हणजे साक्षीदार एकच आहे, त्याने तीन सदरे बदलले. मग त्यांनी विचारलं, त्या आठवड्यात फवारणी कोणी कोणी केली? तुडतुडे सगळ्यांच्याच धानावर होते. एकेक हात वर झाला. निम्मी सभा. प्रवीणचा थोरला भाऊही त्यात होता, कारण त्याचीही थोडी बांधी होती. यांच्यापैकी पंप घेऊन पाळीवरून कोण गेलं? घरी जायला दुसरी वाटच नाही, त्यामुळे सगळेच गेले.

कोणीतरी मागून ओरडलं, "नाही पाहिलं, तरी पाणी तोडा!" थोडं हसू आलं, पण ते फार काही चांगलं हसू नव्हतं.

"मग मासे कोणी मारले बाई?" प्रवीणने विचारलं. त्याचा आवाज चढला होता. त्याच्या आईचाही वाटा त्या पाण्यात मेला होता.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

गावाला खोटं चालतं, शिवी चालते, पण "माहीत नाही" सहसा चालत नाही. तरीही त्या दिवशी ते चाललं, कारण ते बाईंनी म्हटलं होतं. त्यांनी उभ्या आयुष्यात वाढवून काही सांगितलं नव्हतं, हे गावाने पाहिलं होतं, नुसतं ऐकलं नव्हतं. ठराव बारगळला. टिकारामला पाणी मिळालं. सभा उठल्यावर तो बाईंकडे आला आणि म्हणाला, बाई, मी केलं नाही हे एकदा सगळ्यांसमोर सांगून द्या ना. बाई म्हणाल्या, "ते मी म्हटलेलं नाही. हे सिद्ध होत नाही, एवढंच म्हटलं." ज्या माणसाने त्यांचा तास बंद पाडला, त्याच्या वतीने त्या उभ्या राहिल्या, असं लोक कौतुकाने बोलत. मला विचाराल तर त्यांना टिकाराम त्या दिवशीही आवडत नव्हता.

मार्गशीर्षात, धान कापून-चुरून झाल्यावर, टिकाराम नव्या तांदळाची पिशवी घेऊन बाईंच्या ओसरीत आला. मी माझ्या ओसरीत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता. मधलं कुंपण कमरेएवढं. बाई म्हणाल्या, तांदूळ कशाबद्दल? तो म्हणाला, तुम्ही वाचवलं. बाई म्हणाल्या, मी नाही वाचवलं, पुरावा नव्हता. त्यावर टिकाराम खाली बघून बसला आणि मग त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं.

"पुरावा नव्हता जी. पण पंप मी धुतला होता."

बाईंनी विचारलं, मासे त्याने मेले का? "मले काय मायीत जी," टिकाराम म्हणाला, "पण झोप नाही लागत." बाई म्हणाल्या, हे सभेत सांग. तो हात जोडायला लागला. गाववाले पुढच्या हंगामाचं पाणी तोडतीन, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाईंनी तांदळाची पिशवी त्याच्या हातात परत दिली. तो गेला.

मी कुंपणापाशी गेलो. ऐकलं नाही असं दाखवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, बाई, जाऊ द्या, आता कोण विचारतंय? तुमच्याजवळ जेवढं होतं, त्यावरून तुम्ही बरोबरच बोललात.

"तेव्हा बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "पण लोक अजून माझ्या शब्दावर बसून आहेत सर. त्यांचा बसायचा पाट खालून सरकलाय हे मला माहीत आहे, त्यांना नाही."

मग सांगून टाका सभेत, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. तो माझ्या घरी येऊन बोलला, ते त्याचं आहे, म्हणाल्या, मी उघडं करायचं नाही. म्हणजे सांगायचंही नाही आणि गप्पही बसायचं नाही. मी म्हणालो, याला उत्तर नाही. त्यांनी पहिल्यांदाच मला काही उलट विचारलं नाही. पुढचा महिनाभर त्या टिकारामची वाट पाहत होत्या. रोज संध्याकाळी ओसरीत बसायच्या आणि फाटकाकडे बघायच्या. तो आला नाही. त्या महिन्यात त्यांच्या हाताचं कापणं फार वाढलं, आणि मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. बाई माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या. उठवत नव्हतं, म्हणून बसूनच बोलल्या. सभा आपोआप शांत झाली.

"अश्विनात मी म्हटलं होतं की पंप धुताना कोणी पाहिलं नाही. त्यानंतर मला जास्त कळलं आहे. काय कळलं ते मी सांगणार नाही, ते ज्याचं त्याने सांगावं. पण त्या दिवशीचा तुमचा निकाल माझ्या शब्दावर उभा आहे. तो शब्द मी परत घेते आहे."

एवढंच. गावात बाईंची इस्टेट म्हटली तर तो शब्द होता, आणि तो त्यांनी सगळ्यांसमोर पर्समधला खडू काढून ठेवावा तसा टेबलावर ठेवला. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. सभेत कुजबुज सुरू झाली. म्हणजे बाई खोटं बोलल्या होत्या का, असं मागे कोणीतरी म्हणालं, आणि ते बाईंना ऐकू गेलं.

मग टिकाराम उठला. त्याने ते कसं सांगितलं हे लिहिण्यासारखं नाही, अर्धी वाक्यं गिळली. पण सांगितलं. पंप धुतला, पाळीच्या टोकाला, पायऱ्यांपाशी. धीवर मोहल्ल्यातली माणसं उभी राहिली. आता पाणी तोडा, गावातून काढा, असा गलका झाला, आणि सगळे प्रवीणकडे बघायला लागले. सचिव तो. त्याने अश्विनात जे मांडलं होतं ते खरं ठरलं होतं. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

प्रवीण उभा राहिला. मग म्हणाला की टिकारामभाऊनं नियम मोडला, हे आता त्यानंच सांगतलं, त्याची शिक्षा त्याला होईल. उन्हाळ्यात सोसायटीसोबत तलावातली वेल काढायला त्यानं रोज उतरावं. पण पंप त्याचा एकट्याचाच धुतला गेला का, हे कोणी विचारलं नाही. प्रवीणचा थोरला भाऊ खाली बघत होता. आणि मासे पंपानं मेले, का त्या कोंदट हवेनं, का पाण्यातल्या वेलीनं जीव कोंडून, हे अजूनही कोणी सांगू शकत नाही. मग तो थांबला, आणि पुढचं वाक्य त्याने गावच्या बोलीत नाही, शाळेच्या मराठीत म्हटलं.

"इथपर्यंत सिद्ध होते. पुढचे मला माहीत नाही."

पाणी तुटलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नव्हती. उजवा हात मांडीवर होता, आणि त्याची तर्जनी हलली, थोडी खाली आणि मग वर.

पंधरा दिवसांत भाचा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला. गाडी फाटकातून निघाली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे माझ्यासाठी बाईंचं शेवटचं दर्शन म्हणजे ती खुर्ची आणि तो हात. उन्हाळ्यात त्या गेल्याचा फोन आला. त्या दिवशी तलावात वेल काढायचं काम चालू होतं, टिकाराम कमरेएवढ्या पाण्यात होता. पाळीवरून प्रवीणने त्याला सांगितलं. तो तसाच पाण्यात उभा राहिला.

संध्याकाळी प्रवीण माझ्याकडे आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "सर, सभेत तुम्ही बाईच्या बाजूले बसले होते. मी बोललो तवा त्याईनं काही केलं का जी?"

"बोट हललं," मी म्हणालो.

"खूण केली?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पोरगं जन्मभर ते घेऊन राहिलं असतं, आणि मलाही ते खरं असावं असं फार वाटत होतं. पण हात तर त्यांचा तेव्हा सारखाच कापायचा.

"माहीत नाही गा," मी म्हणालो.

प्रवीणने तलावाकडे पाहिलं. डोळे पुसले. मग त्याने माझ्यासमोर हात उचलला आणि बोटाने हवेत खूण केली, आधी थोडं खाली आणि मग लांब वर. ती मात्र मी पाहिली.